बारदान

पाळीव श्वान परवान्यासाठी अर्ज.
नाव: सौ. लीलावती दिनकर औटी.
पत्ता: नेरूळ, सेक्टर दहा, दुसरा मजला.
गळक्या टाकीखालचं घर विचारलं, तर लवकर सापडतं.

श्वानाचं नाव: बारदान.
खिडकीतली मुलगी हसली.
म्हटलं, हसू नका, नाव यांनी ठेवलंय.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते,
निवृत्तीच्या दिवशी रिकाम्या पोत्यांच्या थप्पीत
हे पिल्लू कुईं कुईं करत होतं.
नारळ, शाल आणि हे,
असं तिन्ही घेऊन घरी आले.

जात: मी लिहिलं, गावठी.
ती म्हणाली, देशी लिहा, काकू.
रंग: गव्हाळ, स्थळाच्या जाहिरातीत असतो तसा.
शेपटीचं टोक तेवढं पांढरं,
चुन्याच्या डबीत बुडवून काढल्यासारखं.
लस: टोचली. दाखला सोबत.

मग आलं कलम नऊ.
श्वान पाळण्याचा हेतू.
दोन ओळींची जागा.

अर्ज घडी करून घरी आणला.
हेतू कसला?
मी तर चार दिवस त्याला जिन्यातच ठेवलं होतं.

आमच्यात तेव्हा बोलणं नव्हतं.
माझ्या पाटल्या यांनी न विचारता गहाण टाकल्या
एका दोस्ताच्या गाळ्यापायी.
दोस्त गेला, गाळा गेला, पाटल्या तर गेल्याच,
मग शब्दही गेले.
चौदा महिने
फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर संसार चालला:
गॅस संपला. लाईटबिल भरले.
खाली सही नाही, वर 'अहो' नाही.

कुत्र्याला चिठ्ठी वाचता येत नाही,
एवढीच अडचण झाली.
मला मोठ्यानं म्हणावं लागलं,
"बारदान, विचार रे तुझ्या मालकाला,
भाकरी वाढू की भात?"
बाल्कनीतून उत्तर आलं,
"बारदान, सांग तिला, भाकरी.
आणि ठेचा, असला तर."
ठेचा नव्हता. मी केला.
कुत्र्याच्या शब्दाखातर कोण ठेचा करतं?

तेव्हापासून सगळं त्याच्यामार्फत.
"बारदान, यांची साखर वाढलीय, चालायला ने."
नेतो. पहाटे साडेपाचला, खाडीकडच्या रस्त्यानं.
हे पुढे ओढले जातात,
मी मागून, दहा पावलांवर.
मधेच तो थांबतो, वळून बघतो,
मी पोचेपर्यंत जागचा हलत नाही.
हे दोरी ओढतात, चिडतात,
मग तेही थांबतात.
परवा मोजली: पाच पावलं.
पलीकडे चिखलात रोहित उभे असतात एका पायावर,
आधी दुसऱ्यानं पाय टेकवावा
म्हणून अडून बसल्यासारखे.

पाटल्यांचा विषय एकदाच निघाला.
रात्री त्याचा कान खाजवता खाजवता हे म्हणाले,
"चूक झाली रे."
मी ओट्याशी पातेलं पुसत होते.
पातेलं कोरडं झालं होतं.
पुसत राहिले.

मार्केटात माल तोलला
की बारदानाचं वजन वजा करतात,
उरतं ते निव्वळ.
यांनी जन्मभर तेच केलं.
घरात ते गणित बसत नाही.
बारदान वजा केलं, तर इथं काट्यावर
दोन म्हातारी माणसं,
आणि वर ठेवायला
चिठ्ठ्यांची एक चवड.

पंख्याखाली अर्ज फडफडतोय.
"बारदान, विचार बरं,
हेतूच्या रकान्यात काय लिहायचं?"

पेपर खाली आला. चष्मा कपाळावर गेला.
"राखण लिही," म्हणाले.

कुणाची, ते नाही म्हणाले.
'तिला सांग' हेही नाही म्हणाले.

बारदान आमच्या मधोमध बसून होता,
कान टवकारून,
निरोप न्यायला.